हात वर केला, आता राजीनामा द्यायचा का?

प्रश्न : सलाम. मी ३६ वर्षांचा, वडगाव शेरीत राहतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, चार वर्षं पाच महिने झाले. बायको खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, मुलगी दुसरीत. आई आमच्याकडेच असते. बुधवारी आणि शनिवारी तिचं डायलिसिस असतं, ते माझ्या कंपनीच्या मेडिक्लेमवर चालतं. गेल्या ऑक्टोबरात पाचगणीला तीन दिवसांचं शिबिर होतं. शेवटच्या रात्री वक्त्यांनी बायबलमधल्या यशयाचा सहावा अध्याय घेतला आणि विचारलं, प्रभूसाठी कोण जाईल? मी हात वर करून उभा राहिलो. कोणी ढकललं नव्हतं, डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. पण तेव्हापासून झोप उडाली आहे. शिबिरातले एक भाऊ दर आठवड्याला फोन करतात : 'उशीर म्हणजे आज्ञाभंग, योनाचं काय झालं ते आठवा.' सेमिनरीचा, म्हणजे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजचा, फॉर्म आणलाय, राजीनामाही टाइप करून ठेवलाय. बायको म्हणते, 'तुम्ही देवाला हो म्हणालात, मला कोणी विचारलं?' तिचा पगार २८ हजार, घराचा हप्ता साडेएकवीस हजार. हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की माझा भास? आणि मी मागे फिरलो तर मी योना ठरतो का?

उत्तर :

सलाम, भाऊ. टाइप केलेला राजीनामा आहे तिथेच राहू द्या. फॉर्मही ड्रॉवरमध्ये ठेवा. पाचगणीच्या रात्री तुम्ही जे केलंत ते मात्र मागे घेऊ नका, कारण ते खोटं नव्हतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे आणि तुमची झोप त्या गल्लतीने उडवली आहे. 'हा मी आहे, मला पाठव' असं यशया म्हणाला तेव्हा त्याने स्वतःला देवाच्या हाती दिलं. कुठे, कधी, कोणत्या कामाला, हे ठरवणं त्याने आपल्याकडे ठेवलं नाही. तुम्ही 'मला पाठव' म्हणालात आणि लगेच पत्ताही स्वतःच लिहून टाकलात : पूर्ण वेळ सेवा, सेमिनरी, नोकरी बंद. हा पत्ता त्या रात्री तुम्हाला कोणी दिला होता का? शांतपणे आठवून पाहा. वचनात होता, की शेजारी बसलेल्यांच्या बोलण्यात होता?

आधी योनाचं बघू, कारण ती भीती सगळ्यांत जास्त खाते आहे. योना संदेष्ट्याला देवाने कुठे पाठवलं त्या गावाचं नाव माहीत होतं, निनवे. तिथे काय सांगायचं हेही माहीत होतं. जायचं नाही हे त्याने मनाशी ठरवलं, याफोला गेला, भाडं भरलं आणि उलट दिशेला तार्शीशच्या गलबतात बसला. स्पष्ट आज्ञा असताना पळणं, हा त्याचा दोष. तुम्हाला अजून निनवे सांगितलेलं नाही. तुम्ही रस्ता विचारत उभे आहात, आणि रस्ता विचारणाऱ्याला पळपुटा म्हणत नाहीत. फोन करणाऱ्या भावांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा : 'माझ्यासाठी प्रार्थना करा, पण यावर आता मी माझ्या पाळकसाहेबांशीच बोलणार आहे.' दर आठवड्याला भीती घालणं हे कोणाचंच सेवाकार्य नाही.

उशीर म्हणजे आज्ञाभंग, हेही सरसकट खरं नाही. नहेम्याकडे बघा. यरुशलेमेचे कोट पडले आहेत ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजासमोर तोंड उघडलं ते निसान महिन्यात, म्हणजे चार महिन्यांनी. तोवर राजाचा प्यालेबरदार म्हणून रोजची नोकरी चालूच होती. आणि राजाने विचारलं तेव्हा त्याच्याकडे सगळा हिशेब तयार होता : किती दिवस लागतील, कोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, लाकडासाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याला चिठ्ठी हवी. हे चार महिने त्याने वाया घालवले असं कोणी म्हणत नाही.

आता पाचारण की भास. हा निकाल एकट्याने लावू नका. बाळ शमुवेलाला देवाने खरोखर हाक मारली होती, तरी तो तीनदा उठून एलीकडेच धावला. हाक खरी होती, पण ती कोणाची हे त्याला ओळखू आलं नाही. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात आलं आणि त्याने सांगितलं, जाऊन नीज, पुन्हा हाक आली तर म्हण, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' एली काही फार बळकट माणूस नव्हता, त्याच्या घरातच किती बिघडलेलं होतं. तरीही देवाने ओळख पटवली ती मंदिरातल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडून. अंत्युखियाच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायातही तेच. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करून पाठवा, हा शब्द आला तो मंडळी उपास करून उपासना करत असताना, सगळ्यांना मिळून. आणि ज्यांना पाठवलं ते नवखे नव्हते. त्याआधी पूर्ण एक वर्ष त्यांनी त्याच मंडळीत शिकवण्याचं काम केलं होतं. म्हणून तीमथ्याला पौल बजावतो की कोणावर हात ठेवण्याची, म्हणजे त्याला सेवेसाठी नेमण्याची, घाई करू नकोस.

आमचा सल्ला तेवढाच आहे : तुम्हीही एक वर्ष घ्या. नुसती वाट बघायला नव्हे, काम करायला. पण त्याआधी दोन गोष्टी उरकायच्या आहेत, घर आणि हिशेब.

पत्नींचा प्रश्न अडथळा समजू नका. 'मला कोणी विचारलं?' हे अविश्वासाचं वाक्य नाही. ज्या बाईच्या पगारावर उद्या घर चालणार आहे तिने विचारायचा तो साधा प्रश्न आहे. तीन रविवार, उपासनेनंतर दुपारी, मुलगी झोपल्यावर पाऊण तास बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या रविवारी फक्त त्या बोलतील. तुम्ही मध्ये वचन काढायचं नाही, समजूत घालायची नाही. ऐकायचं आणि त्यांच्या भीती त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्यायच्या. दुसऱ्या रविवारी पैसे, तेही कागदावर. तिसऱ्या रविवारी दोघांनी मिळून एकच प्रार्थना : आम्हाला एकत्र दाखव. पाळकीणबाईंशी त्यांचं वेगळं बोलणं झालं तर फार बरं. पाळकाच्या घरात काय चालतं, रात्री-अपरात्री कोण दार वाजवतं, बदली झाल्यावर मुलांच्या शाळेचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात विचारलं आहे. बायकोची समजूत नंतर घालू असं म्हणत निघालेले लोक सेमिनरीच्या दुसऱ्या वर्षी एकटे पडतात.

आता पैसे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हे प्रभूनेच लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे, त्यामुळे हिशेब करण्यात अविश्वास नाही. २८ हजारांतून साडेएकवीस गेले की उरतात साडेसहा. त्यात चार माणसं, शाळेची फी, वीजबिल आणि आईंची औषधं. हे बसत नाही. शिवाय तीन गोष्टी तुमच्या राजीनाम्याच्या कागदावर दिसत नाहीत, पण त्यात आहेत.

पहिली आणि सगळ्यांत मोठी, मेडिक्लेम. ग्रुप पॉलिसीचं संरक्षण नोकरीबरोबर संपतं, बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच, आणि त्याबरोबर आईवडिलांचंही. डायलिसिस चालू असलेल्या रुग्णाला नवी वैयक्तिक पॉलिसी मिळणं फार कठीण. मिळाली तरी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे एचआरला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी 'होऊन जाईल' वर विसंबू नका. पत्नींच्या हॉस्पिटलच्या विम्यात सासूचं नाव बसतं का तेही बघा. आणि रेशनकार्ड व आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. डायलिसिस त्या योजनेत आहे. आईंचा बुधवार-शनिवार कुठे बसेल याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत राजीनामा हा विषयच काढायचा नाही.

दुसरी, ग्रॅच्युइटी. तुम्हाला पाच वर्षं व्हायला सात महिने आहेत. बेसिक आणि डीए मिळून २४ हजार धरले तर महिन्याचा पगार भागिले २६ आणि दर वर्षाचे १५ दिवस या हिशेबाने पाच वर्षांचे साधारण ६९ हजार होतात. आज सोडलंत तर बहुधा ते हातचे जातील. तिसरी, पीएफ. तो मोडून घर चालवायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो आणि म्हातारपणाची पुंजीही जाते.

आईचा खर्च देवाला वाहिला म्हणून आईला काही देता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात कडक शब्द वापरले आहेत. 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून आईबापांची जबाबदारी झटकणं त्याला अजिबात मान्य नव्हतं. हे वचन शिबिरात क्वचितच निघतं. निघायला हवं.

पुढे जाऊन जायचंच ठरलं तर फ्लॅट भाड्याने देऊन हप्त्याचा काही भाग निघेल, निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला पडले पाहिजेत, हे सगळं या वर्षभरात करता येईल.

आता ते वर्ष.

पाळकसाहेबांची वेळ घेऊन भेटा. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना हे बोलणं होत नाही. आठवड्यात एक संध्याकाळ मागा, पत्नींनाही घेऊन जा. 'मला आशीर्वाद द्या, मी निघालो' असं म्हणू नका. तीन प्रश्न विचारा : माझ्यात मंडळीच्या उपयोगाचं तुम्हाला काय दिसतं? काय कमी दिसतं? आणि आपल्या मंडळीत असं कोणतं काम आहे जे करायला कोणी पुढे येत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तेच काम मागून घ्या, बारा महिन्यांसाठी, आणि दर तीन महिन्यांनी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसण्याची तारीख तिथेच ठरवा. पाळकसाहेबांना वेळ नसेल तर त्यांना मंडळीतल्या एखाद्या वडील माणसाचं नाव सुचवायला सांगा. असा माणूस हवा जो तुम्हाला नाही म्हणू शकतो.

काम कोणतं मिळेल ते आम्हाला सांगता येणार नाही. बहुतेक मंडळ्यांत दोन कामांना माणसं कमी पडतात : शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, आणि आजाऱ्यांच्या भेटी.

शब्बाथ शाळा तुमच्या शिफ्टमध्ये बसवायची तर एकट्याने वर्ग घेऊ नका. दुसरे एक शिक्षक जोडीला घ्या, म्हणजे तिसऱ्या शिफ्टचा आठवडा आला की वर्ग बुडणार नाही. मुलं बुडालेला वर्ग लक्षात ठेवतात. उतारा मंगळवारी एकदा वाचा, गुरुवारी पुन्हा वाचून त्यातला एकच मुद्दा निवडा, शनिवारी मोठ्याने गोष्ट सांगून बघा, घरच्या दुसरीतल्या मुलीसमोर सांगता आली तर उत्तम. रविवारी पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण घरच्यांनी लवकर आणून सोडलेली मुलं त्याच वेळी येतात आणि घरचं खरंखुरं तेव्हाच सांगतात. चाळीस मिनिटांत गोष्ट बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. वर्ग बिघडतो तो बहुतेक वेळा शिक्षक प्रवचन करू लागतो म्हणून.

आजाऱ्यांच्या भेटीत जास्त चुका होतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. ससूनमध्ये असो की खासगी हॉस्पिटलमध्ये, भेटीच्या वेळेतच जा. आधी नातेवाइकांना विचारा, आत गेल्यावर रुग्णाला विचारा. हात धुऊनच जवळ जा, खाटेवर बसू नका. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. स्तोत्रातल्या पाच-सहा ओळी, दोन मिनिटांची प्रार्थना, आणि त्याआधी ऐकणं. रुग्ण झोपला असेल तर उठवू नका, नातेवाइकांपाशी दोन शब्द बोलून निघा. 'तुम्ही बरे होणारच' असं वचन आपल्या पदरचं देऊ नका. आजार कोणत्या पापामुळे आला हे शोधू नका. औषध बंद करा असं चुकूनही म्हणू नका, दुसरं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. फोटो काढायचा नाही, मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असेल आणि त्याने स्वतः मागितली नसेल तर त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू नका. त्याला प्यायला पाणी हवंय का हे विचारा. आणि नर्सने बाहेर जा म्हटलं की लगेच बाहेर. तुमच्या पत्नी हे सगळं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं शिकवतील. त्यांनाच विचारा. कदाचित या वर्षातली ही सगळ्यांत चांगली गोष्ट ठरेल, की सेवेची पहिली शिकवणी तुम्ही त्यांच्याकडे लावलीत.

तुमच्या पत्रातला जो तपशील तुम्ही अडचण म्हणून लिहिला आहे, त्याकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो. दर बुधवारी आणि शनिवारी तुम्ही किंवा पत्नी चार तास डायलिसिस सेंटरबाहेर बसता. तिथे तीच तीच माणसं असतात. कोणाचा मुलगा काम बुडवून आलेला, कोणाची बायको सकाळपासून उपाशी. मार्कच्या पाचव्या अध्यायात भुतांपासून सुटलेला माणूस येशूबरोबर तारवात बसू द्या म्हणून विनवणी करतो आणि येशू त्याला घेत नाही. घरी जा, आपल्या लोकांकडे जा, असं सांगतो. तो माणूस दकापलीस या आपल्या प्रदेशभर सांगत फिरला. त्याचं पाचारण खोटं नव्हतं, त्याचं ठिकाण त्याच्या गावात होतं.

तर त्या बाकावरून सुरुवात करा. आधी सेंटरची, तिथल्या सिस्टरची परवानगी विचारा. घरून दोन डबे जास्त घ्या, पण ते नातेवाइकांसाठी. रुग्णासाठी काही न्यायचं तर विचारल्याशिवाय नाही. नारळपाणी, केळी, संत्री हे आपण प्रेमाने नेतो, पण मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाला धोका होतो. पाण्याचंही मोजमाप असतं. प्रार्थनेला हात धरायचा तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेला हात धरू नका, दाबू नका. मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब खाली येतो, पायात गोळे येतात, तेव्हा पाच मिनिटं थांबून रिक्षापर्यंत सोडायला कोणी असलं तर म्हाताऱ्या माणसाला किती धीर येतो. आणि कागद. आरोग्यमित्र कुठे बसतो, कोणता कागद लागतो, हे आईंच्या निमित्ताने तुम्ही आता शोधणारच आहात. ते एका पानावर स्वच्छ अक्षरात मराठीत लिहा आणि दहा झेरॉक्स काढा. ज्याला हवं त्याला द्या. कोणी विचारलं, का करता हे, तर सांगा. विचारलं नाही तर सांगू नका, पुढच्या बुधवारी पुन्हा डबा न्या.

वेळ किती द्यायचा? आठवड्याला सहा तास, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला उत्साहात पंधरा तास होतात, तीन महिन्यांत घरी चिडचिड सुरू होते आणि मग सगळंच सुटतं. एक साधी वही ठेवा. तारीख, काय केलं, काय जमलं नाही, कोणी काय म्हटलं. 'आज फार आशीर्वाद मिळाला' एवढंच लिहू नका, त्यातून नंतर काही कळत नाही. सहा महिन्यांनी वही उघडून बघा : कोणी बघत नसताना गेलात का? पाळकसाहेबांनी चूक दाखवली तेव्हा पुढच्या आठवड्यात तुम्ही काम सोडलंत की सुधारलंत? लोक आपणहून तुम्हाला बोलावू लागलेत का? वचन शिकवताना तुमची तयारी वाढत गेली की रविवारी सकाळच्या रिक्षातच धडा बघायची सवय लागली? घरात शांती आहे का? ही उत्तरं तुमच्या मनातल्या लाटेपेक्षा जास्त विश्वासार्ह आहेत. लाट येते-जाते, वही राहते.

दोन ठिकाणी फार जपा. मंडळीचे किंवा गरजूंचे पैसे स्वतःच्या खात्यावर किंवा फोनवर कधीही घेऊ नका, शंभर रुपये असले तरी. ते खजिनदारांकडे, पावतीसह. आणि एकट्या स्त्रीच्या घरी एकट्याने भेटीला जाऊ नका, पत्नींना किंवा महिला मंडळातल्या कोणाला घेऊन जा. चांगली माणसं या दोन ठिकाणी घसरली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा सुरुवातीला काहीच वाईट हेतू नव्हता.

वर्षानंतर पाळकसाहेब आणि वडील मंडळी म्हणाली की या माणसाला पाठवायला हवं, तर मग फॉर्म काढा. तेव्हा हे लक्षात ठेवा की सेमिनरीचं शिक्षण आणि दीक्षाविधी या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची मंडळी सीएनआयची, म्हणजे १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असेल, तर आधी पास्टोरेट कमिटीची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या समितीची, शिफारस, मग धर्मप्रांताची निवड, बिशपांची संमती, शिक्षण, मग डीकन (दीक्षेची पहिली पायरी) आणि त्यानंतर प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक). इतर पंथांत पायऱ्या वेगळ्या, पण मंडळीने पाठवणं सगळीकडे लागतं. स्वतःहून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, सेमिनरीची पदवी) करून आलेले आणि कोणत्याच धर्मप्रांताने न घेतलेले तरुण पुण्यात आहेत. शिक्षण चांगलं, मन चांगलं, पण पाठवणारं कोणी नव्हतं. पदवीधराला बी.डी.ला साधारण चार वर्षं लागतात, म्हणजे तुमची मुलगी तोवर सहावी-सातवीत असेल.

पुण्यात राहून तुम्हाला दूर जायची गरज नाही. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आली. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही पुण्यातच आहे. फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडे प्रत्यक्ष जा आणि विचारा : कुटुंबासाठी खोली मिळते का, माध्यम कोणतं, मंडळीचं शिफारसपत्र कोणाच्या सहीचं लागतं, फीत धर्मप्रांताचा वाटा किती. बायकोला नोकरी चालू ठेवता येईल एवढं हॉस्पिटल जवळ आहे का, हे कॅम्पसवर उभं राहून दोघांनी बघा. नोकरी न सोडता शिकायचं असेल तर सेरामपूर कॉलेजच्या सेनेटचे, म्हणजे सेमिनरीच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचे, ख्रिस्ती अभ्यासाचे बहिःस्थ अभ्यासक्रम आहेत, त्यांची चौकशी या वर्षातच करून ठेवा. इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर आत्तापासून रोज एक पान.

आणि वर्षानंतर मंडळी म्हणाली की तुम्ही आहात तिथेच फार उपयोगी आहात, तर ते नाकारणं समजू नका. पौलाने करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या शिवून पोट भरलं आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलला. चाकणच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये खराब माल पास करायला जेव्हा वरून दबाव येतो तेव्हा 'नाही' म्हणणारा माणूसही पाठवलेलाच असतो.

पुण्याच्या जवळचीच एक गोष्ट. पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली ती शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या आपल्या शाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. त्यात स्वर्गातून वाणी ऐकू आल्यासारखं काही नव्हतं, संस्थेच्या खर्चाची तजवीज होती. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि त्यांना ठेवायला जागा होती, पाणी होतं. मुक्ती सदन त्या जमिनीवर उभं राहिलं. विहीर आधी खणलेली होती.

या आठवड्यापुरतं एवढं करा. टाइप केलेल्या राजीनाम्याची प्रिंट असेल तर पत्नींच्या हातात द्या आणि सांगा की हा तुमच्याकडे राहील, आपण दोघांनी ठरवल्याशिवाय तो बाहेर निघणार नाही. एचआरला मेडिक्लेमबद्दल मेल टाका. पाळकसाहेबांना फोन करून वेळ मागा. बुधवारी सेंटरला जाताना डबा एक जास्त घ्या, पोळी-भाजी पुरे. तिसऱ्या महिन्याचं बोलणं झालं की वही घेऊन आम्हाला पुन्हा लिहा, त्या वेळी आणखी नेमकं सांगता येईल. आईंना सलाम सांगा.